चार मीटर नळी आणि लॉकचं नोजल

रिंग उडाली तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि उस्ताद तिच्यापासून दोन पावलं बाजूला, डावा पाय झटकत उभे होते. बाजूला होण्यामागे शहाणपण काही नव्हतं. बराच वेळ उकिडवं बसल्यामुळे पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून हातातलं हवेचं नोजल खाली ठेवून ते उठले. एवढंच.

ट्रकच्या जुन्या धाटणीच्या चाकात टायर लोखंडी डिस्कवर चढवतात आणि तो निसटू नये म्हणून कडेनं एक जाड लोखंडी रिंग डिस्कच्या खाचेत बसवतात. हवा भरत जाईल तशी रिंग खाचेत आवळली जाते. ती नीट बसलेली नसेल तर तीच हवा तिला बाहेर फेकते. रिंगचं वजन सात-आठ किलो असतं. त्या दिवशी ती दुकानाच्या पत्र्यातून आरपार गेली आणि मागच्या मोकळ्या जागेत जाऊन पडली. चाक कमरेएवढं उडालं आणि आडवं झालं.

उस्तादांच्या बायकोला सगळे चालक काकू म्हणतात. त्या आतल्या टेबलावर ट्यूबला ठिगळ चिकटवत होत्या. आवाज त्यांना आठवतच नाही. आधी टेबलावरचे डबे हलले, मग वरून धूळ आली, मग कान बंद झाले. बाहेर येऊन पाहतात तर नवरा एका पायावर उभा.

“अहो!”

“मुंग्या आल्या होत्या,” उस्ताद म्हणाले.

“काय?”

“पायाला. मुंग्या आल्या होत्या पायाला.”

चाक दुधाच्या टँकरचं होतं. त्याचा चालक, ज्याला उंचीमुळे सगळे लंबू म्हणतात, कॉम्प्रेसरशेजारी चहा पीत होता. कप त्याच्या हातात तसाच होता, चहा शर्टावर होता. तो उस्तादांच्या नेहमीच्या बसायच्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि वर पाहू लागला. पत्र्यातलं भोक थेट त्याच्या डोक्यावर होतं. त्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता. लंबू झटकन तिथून बाजूला झाला आणि कॉम्प्रेसरला टेकून बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“उस्ताद,” तो म्हणाला, “तुम्ही तिथेच होता. आत्ता. मी बोलत होतो तुमच्याशी.”

“मुंग्या आल्या होत्या,” उस्ताद पुन्हा म्हणाले. दिवसभरात ते हे वाक्य किती वेळा बोलले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. शेजारचा वेल्डर आला, त्याला सांगितलं. समोरच्या गॅरेजवाल्यानं विचारलं, त्याला सांगितलं. कुणी नसताना चाकालाही सांगितलं, असं काकू म्हणतात.

उस्ताद अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. चोविसाव्या वर्षी त्यांनी टायरच्या कामाला हात घातला आणि त्यानंतर दुसरं काही केलं नाही. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, बोलायला कमी. ट्रक थांबतात अशा रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे विटांची एक खोली. खोलीत काकूंचं टेबल, ट्यूब तापवून चिकटवायची प्रेस आणि भिंतीवर टांगलेल्या चिरलेल्या ट्यूबा. ट्यूबचं काम वीस वर्षं काकूंचं आहे. शेडमधलं सगळं उस्तादांचं.

त्यांना उस्ताद हे नाव पडलं ते कानामुळे. भरलेल्या टायरवर हातोडीचा एक ठोका मारून ते आत किती पौंड हवा आहे ते सांगतात. चुकलं तर दोन-तीन पौंडांनी. नवे चालक गेज लावून खात्री करून घेतात, चहाची पैज हरतात आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या नव्या चालकाला पैजेला घेऊन येतात. दुकानातलं गेज खिळ्याला टांगलेलं असतं. काकू म्हणतात, ते घरातल्या देखण्या जावयासारखं आहे, कामाला सांगायचं नाही.

हवा भरायची त्यांची पद्धतही ठरलेली होती. चाक जमिनीवर आडवं, रिंग वर. शेजारी उकिडवं बसायचं. कॉम्प्रेसरच्या नळीच्या टोकाला जे पितळी तोंड असतं, त्याला दुकानात नोजल म्हणतात. ते डाव्या हातानं वॉल्ववर दाबून धरायचं, आणि उजव्या हातातल्या हातोडीनं रिंगवर गोल गोल ठोके देत जायचं. हवा आत जाते, ठोक्यांनी रिंग खाचेत सरकते, आवाज बदलत जातो. बद्द, मग टण्ण, मग एक कोरडा टक्. तो टक् आला की रिंग बसली. त्यांना ज्यानं काम शिकवलं तो असंच करायचा. त्यांनी ज्या दोघांना शिकवलं ते आज आपापल्या दुकानात असंच करतात. रिंग उडाल्याच्या, कुणाचा जबडा, कुणाचा जीव गेल्याच्या बातम्या उस्तादांनी ऐकल्या होत्या. पण त्या नेहमी दुसऱ्याच्या दुकानातल्या असत, आणि त्या दुसऱ्याला काम येत नसे.

त्या दुपारी उस्तादांनी डिस्क उलटी करून खाच पाहिली. खाचेत अर्धी लांबी गंज साचून बसला होता. नखाएवढा जाड, काळा, दगडासारखा. तारेच्या ब्रशनं दहा मिनिटांचं काम होतं. पण लंबूला घाई होती, टँकरमध्ये दूध होतं, आणि उस्ताद म्हणाले होते, “ठोकून बसेल.”

त्यांनी खाचेतून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

“माझंच चुकलं हे,” ते काकूंना म्हणाले. “लंबूचं काही नाही. मीच म्हटलं, ठोकून बसेल.”

काकू उठल्या. कॉम्प्रेसरचा खटका ज्या पेटीत असतो तिला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

“सोमवारपर्यंत,” त्या म्हणाल्या, “त्या चाकावर न वाकता हवा भरता येईल असं काहीतरी बघायचं. नाहीतर ट्रकची चाकं बंद. स्कूटर, मोटारी, बास.”

“ट्रक बंद म्हणजे दुकान बंद.”

“मग दुकान बंद.”

“आणि करू काय मी?”

“जिवंत राहा. तेवढं एक काम पुष्कळ आहे.”

चौतीस वर्षांत बायकोनं पेटीला कुलूप लावल्याचं उस्तादांनी पाहिलं नव्हतं.

खरं तर कुलपाची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वाळूचा एक ट्रक आला. चाक गाडीलाच होतं, हवा थोडीच कमी होती, रिंग वर्षानुवर्षं बसलेली. काकूंनी विचार करून पेटी उघडून दिली. उस्तादांनी नोजल हातात घेतलं, वॉल्वपर्यंत नेलं, आणि हात थांबला. पुन्हा नेला. नोजल वॉल्वला लागून थडथडलं, फुस्स झालं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. दोन्ही हात थरथरत होते. चालक वर केबिनमधून बघत होता.

“काय उस्ताद, थंडी वाजते का?”

“कॉम्प्रेसर बिघडलाय,” उस्ताद म्हणाले. मागे कॉम्प्रेसर व्यवस्थित धडधडत होता. चालकानं एकदा त्याच्याकडे आणि एकदा उस्तादांकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. ट्रक गेल्यावर उस्ताद बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. हात त्यांचाच होता, पण आज त्यानं ऐकलं नव्हतं.

शनिवारी दोघं बसनं बाजारात गेले. हत्यारांचं दुकान लांबट, अरुंद होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण, मध्ये एका माणसापुरती वाट, शेवटी काउंटर. मालकाच्या डोळ्यांवर एक चष्मा होता आणि कपाळावर दुसरा. गिऱ्हाइकं त्याला चष्मेवाला म्हणतात आणि त्याला ते चालतं.

“बोला.”

“हवा भरायचं नोजल,” काकू म्हणाल्या. “हातात न धरता वॉल्वला पकडून राहील असं.”

“म्हणजे लॉकचं. कशाला लावणार? मोटारीला?”

“ट्रकला.”

चष्मेवाल्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि डोळ्यांवरचा वर सरकवला. “रिंगचं चाक?”

“हो.”

“आणि आजपर्यंत कसं भरत होता?”

उस्तादांनी डावा हात काउंटरवर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी नोजलचा घट्टा होता, पिवळा आणि चकचकीत. चष्मेवाल्यानं वाकून तो घट्टा पाहिला.

“हातानं. किती वर्षं?”

“चौतीस.”

“आणि वाकून?”

“वाकल्याशिवाय आवाज कसा ऐकू येणार? सगळे असंच करतात.”

“सगळे माझ्याकडे नोजल घ्यायला येत नाहीत,” चष्मेवाला म्हणाला. “काहींच्या बायका येतात. पाने आणि जॅक विकायला.”

काकूंनी पदर तोंडाशी धरला. चष्मेवाल्यानं खणातून कॅल्क्युलेटर काढला.

“दिवसाला ट्रकची चाकं किती?”

“आठ धरा.”

“एकाला वेळ?”

“सहा मिनिटं.”

“वर्षाला दिवस तीनशे.” बोटं चालली. थांबली. त्यानं कॅल्क्युलेटर फिरवून उस्तादांपुढे धरला. “तीनशे चाळीस.”

“तीनशे चाळीस काय?”

“दिवस. नुसते कामाचे नाही, चोवीस तासांचे. एवढे दिवस तुम्ही त्या रिंगवर तोंड धरून बसलाय. जवळजवळ अख्खं वर्ष, रात्री धरून.”

उस्ताद खाली बसले. काउंटरपुढे बसायला काही नव्हतं, ते रंगाच्या डब्यावर बसले. काकूंनी कॅल्क्युलेटर हातात घेऊन आकडा स्वतः वाचला, आणि चष्मेवाल्याला परत दिला.

“दाखवा काय आहे ते,” त्या म्हणाल्या.

त्यानं पाच नोजलं काउंटरवर मांडली. उस्ताद डब्यावरून उठले. हत्यार समोर आल्यावर त्यांचा चेहरा थोडा जाग्यावर आला. पहिलं चांदीसारखं चमकत होतं, वजनाला हलकं. त्यांनी ते काउंटरवरच्या सुट्या वॉल्वला लावलं, मागची पट्टी दाबून लॉक केलं आणि एक हिसका दिला. नोजल सुटून हातात आलं. “खेळणं आहे,” म्हणून ते बाजूला गेलं. दुसरं पितळी, पट्टी जाड, आत वॉल्वच्या आट्यांना धरणारे दात. हिसका दिला, सुटलं नाही. उलटा दिला, तरी नाही. तिसरं वॉल्वच्या आट्यांवर फिरवून बसवायचं होतं. पक्कं, पण काढताना पुन्हा चाकाशी वाकून आटे सोडत बसायचं. काकूंनीच ते परत सरकवलं. उरलेली दोन दुसऱ्यासारखीच पितळी होती, फक्त त्यांचं डोकं वाकडं होतं. जोडचाकांत आतल्या चाकाचा वॉल्व अडचणीत असतो, तिथे सरळ नोजल पोचत नाही. वाकडंच हवं हे उस्तादांनी न विचारता ठरवलं.

आता राहिली दोन, आणि दोन्ही अगदी सारखी दिसत होती. उस्तादांनी एक तोंडाला लावून फुंकलं. हवा आरपार गेली. दुसरं फुंकलं. गाल फुगले, हवा गेली नाही.

“हे,” त्यांनी न गळणारं पुढे केलं.

“ते बंद नोजल. का बरं?”

“गळत नाही. ज्यातून फुकट हवा जाते ते नोजल मी दुकानात ठेवत नाही.”

“हातात धरणाऱ्याला ते बरोबर आहे,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्ही आता लांब उभं राहणार. या इकडे.”

काउंटरमागे स्कूटरचं एक जुनं चाक आणि छोटा कॉम्प्रेसर होता. त्यानं नळीला बंदुकीसारखा दाबायचा घोडा असलेली पिचकारी जोडली. तिच्यावर गेजचा गोल काटा होता. पिचकारीच्या पुढच्या नळीला बंद नोजल लावलं आणि ते वॉल्वला अडकवलं. टिक् झालं. घोडा दाबला, सोडला. काटा चाळीसवर जाऊन उभा राहिला.

“किती आहे?”

“चाळीस.”

“टायर दाबा.”

उस्तादांनी अंगठा टेकवला. टायर उशीसारखा आत गेला. त्यांनी दुसरा अंगठा टेकवला, मग हात पूर्ण. काट्याकडे पाहिलं. चाळीस. टायरकडे पाहिलं. टायरमध्ये धड दहासुद्धा नव्हते.

“हे कसं शक्य आहे?”

“नोजल अर्धंच बसलंय, मी मुद्दाम तसं बसवलं. बंद नोजल अर्धं बसलं की तोंड मिटून घेतं. मग काटा वाचतो तो नळीत कोंडलेली हवा. टायर त्याला दिसतच नाही. तुम्ही चार पावलं लांबून चाळीस वाचणार आणि गाडी रस्त्याला लावणार.” त्यानं नोजल काढून दुसरं लावलं, तेही अर्धंच. घोडा दाबला. जोरात फुसफुस झाली आणि घोडा सोडताच काटा शून्यावर आला. “हे उघडं नोजल. हे खोटं बोलत नाही. नीट बसलं नसेल तर ओरडतं. तुमच्यासारख्या कानाच्या माणसाला याहून काय पाहिजे?”

उस्तादांनी ते नोजल स्वतः पूर्ण दाबून लॉक केलं. आवाज थांबला. घोडा सोडल्यावर काटा आठवर थांबला. त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला. आठच होते.

“मी ते दुसरं नेलं असतं,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं काम करून मी दुकानात येऊन चुकीचं नेलं असतं.”

“नळी दीड मीटरची येते,” चष्मेवाला पिचकारी गुंडाळत म्हणाला.

“चार,” काकू म्हणाल्या. “चाकापासून विटांच्या भिंतीच्या आडापर्यंत चार लागते. मी पावलं टाकून बघितलीत.”

“आणि पिंजरा? लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून भरलं तर सगळ्यात उत्तम.”

“वेल्डरला सांगितलाय. महिना म्हणाला. तोवर चाक साखळीनं बांधायचं आणि भिंतीआड थांबायचं.”

“सगळं तुम्हीच ठरवलंय तर.”

“यांना सवय ठरवायची नाही, ठोकायची आहे,” काकू म्हणाल्या. उस्ताद हसले. गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

सोमवारी नऊ वाजता लंबूचा टँकर आला. आज टँकर रिकामा होता, घाई नव्हती. उस्तादांनी डिस्कची खाच तारेच्या ब्रशनं घासली, फडक्यानं पुसली, बोट फिरवलं, पुन्हा घासली. रिंग बसवली. चाकाला साखळी गुंडाळली. वाकडं नोजल वॉल्ववर दाबलं, पट्टी खाली केली, हिसका दिला. मग नळी ओढत ओढत ते भिंतीआड, काकूंच्या टेबलाजवळ आले. पिचकारी डाव्या हातात. हात थरथरत नव्हता. लंबूही भिंतीआड येऊन उभा राहिला.

“चला, आज उस्ताद साहेबासारखे उभे राहून काम करणार,” तो म्हणाला. “एक खुर्ची द्या हो काकू साहेबांना.”

“तूच बस. तुझं डोकं छपराला टेकतंय.”

घोडा दाबला गेला. वीसला थांबून काटा पाहिला. चाळीसला पाहिला. नोजल गप्प होतं, म्हणजे नीट बसलं होतं. काकू प्रेसमधली ट्यूब काढायला वळल्या. लंबू आपल्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होता, उस्ताद हं हं करत होते. साठला त्यांनी घोडा सोडला.

ट्यूब ठेवून काकू वळल्या तेव्हा पिचकारी टेबलावर होती. भिंतीआड लंबू एकटा उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

काकूंनी भिंतीच्या कडेनं पाहिलं. उस्ताद चाकाशेजारी उकिडवे बसले होते. उजव्या हातात हातोडी वर उचललेली, मान वाकवलेली, डावा कान रिंगकडे.

त्या ओरडल्या नाहीत. दचकून हातोडी पडली तर काय, हा विचार नंतर सुचल्याचं त्या सांगतात. तेव्हा हातच आधी पिचकारीकडे गेला. पिचकारीला हवा सोडायचं एक बटण असतं. ते त्यांनी अंगठ्यानं दाबलं आणि दाबून धरलं. फुस्स करून हवा सुटली, काटा पडायला लागला. साठ, पन्नास, तीस.

“अगं, हवा का सोडतेस?” उस्ताद तिकडूनच ओरडले. “रिंग बसत आली होती!”

“तुम्ही कुठे आहात?”

“म्हणजे?”

“कुठे आहात तुम्ही, ते बघा.”

उस्तादांनी खाली पाहिलं. आपले वाकलेले गुडघे पाहिले. चाक पाहिलं. हातातली हातोडी पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला, वरून खाली, भिंतीला ओल उतरावी तसा. ते उठायला गेले आणि मागे जमिनीवर बसले.

“मी कधी आलो इथे?”

उस्ताद लंबूकडे वळले.

“लंबू, मी कधी आलो रे?”

“मी सांगत होतो, शाळेचं. तुम्ही हं म्हणालात, पिचकारी ठेवलीत आणि चालायला लागलात. मला वाटलं, काही आणायला चाललात.” लंबूनं भिंतीकडे बोट दाखवलं. “हातोडी तर भिंतीवर टांगलेली होती. ती पण घेतलीत वाटेत.”

“मला आठवत नाही,” उस्ताद म्हणाले. “देवाशपथ आठवत नाही. मी तिकडेच होतो. काटा बघत होतो.”

रिंग उडाली त्या दिवशी ते घाबरले होते. आज जे त्यांच्या चेहऱ्यावर होतं ते त्याहून वेगळं होतं. त्या दिवशी लोखंडानं दगा दिला होता, आज स्वतःच्या पायांनी. अख्ख्या वर्षाएवढा वेळ जे पाय त्या जागेवर जाऊन बसले, ते विचारायला थांबले नव्हते. चांगल्यातलं चांगलं नोजल आणलं, चार मीटर नळी आणली, आणि माणूस चार मीटर चालून परत तिथेच गेला.

जमिनीवर बसूनच उस्तादांनी काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, “बंद कर.”

“काय?”

“ट्रक. तू म्हणालीस तेच बरोबर. मी नाही थांबू शकत तिकडे. नोजल परत करू. स्कूटरी करू.”

काकूंनी बटणावरचा अंगठा काढला. काटा शून्यावर होता.

“उठा,” त्या म्हणाल्या.

“अगं, पण—”

“उठा आणि इकडे या. हातोडी तिथेच टाका.” उस्ताद भिंतीआड आले. काकूंनी पिचकारी त्यांच्या हातात दिली नाही, स्वतःच धरली. “आजपासून नोजल तुम्ही लावायचं, हवा मी भरायची. तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात की घोडा दाबणार. शेजारून हललात की सोडणार, आणि टायर रिकामा करणार. परत पहिल्यापासून.”

“तुला आवाज कुठे कळतो?”

“मला आवाज नकोच आहे. मला आकडे वाचता येतात.”

“रिंग बसली की नाही ते कसं कळणार?”

“खाच तुम्ही घासलीत ना? बोट फिरवलंत ना? मग बसेल. नाही बसली तर हवा सोडू, उघडू, परत घासू. ठोकायचं नाही. हवा असताना ठोकायचंच नाही.”

“काकू, यांना पण एक लॉक लावा,” लंबू म्हणाला. कुणी हसलं नाही, मग त्यालाही बरं वाटलं नाही.

घोडा दाबला गेला. वीस. चाळीस. उस्तादांना हातांचं काय करावं ते कळेना. आधी त्यांनी ते पाठीमागे बांधले, मग खिशात घातले, मग काकूंच्या टेबलावरचं एक ठिगळ उचलून त्याच्या कडा सोलत बसले. साठला काकूंनी घोडा सोडला आणि काट्याकडे न बघता नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय अर्धा पुढे आला होता.

“पाय.”

उस्तादांनी पाय मागे घेतला.

ऐंशीला शेडमधून एक कोरडा टक् आला. तिघांनाही ऐकू गेला. उस्तादांनी डोळे मिटले. “बसली,” ते म्हणाले. “इथूनही ऐकू येतं.” हे त्यांना नवीन होतं, आणि ते त्यांनी दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं म्हटलं. “इथूनही येतं ऐकू.”

शंभरला काकूंनी घोडा सोडला. पाच मिनिटं थांबायचं असं त्यांनीच ठरवलं होतं, तेवढी तिघंही थांबली. मग उस्ताद रिंगच्या बाजूनं न जाता टायरच्या नक्षीच्या बाजूनं गेले, हात लांब करून पट्टी उचलली आणि नोजल काढून परत आले. लंबूनं चाक गाडीला लावलं. जाताना त्यानं पैज लावली नाही आणि उस्तादांनीही टायरवर ठोका मारून दाखवला नाही.

त्या दिवशी ट्रकची सहा चाकं झाली. दुसऱ्या चाकाला उस्ताद एक पाऊल पुढे गेले. काकूंनी म्हटल्याप्रमाणे टायर पूर्ण रिकामा केला आणि वाट बघणाऱ्या चालकाला सांगितलं, “अजून पंधरा मिनिटं, यांच्या पायामुळे.” तिसऱ्याला ते हलले नाहीत. चौथ्याला हलले, पण स्वतःच थांबले आणि घाबरून काकूंकडे बघत राहिले. पाचव्याला फोन वाजला आणि ते बोलत बोलत भिंतीच्या कडेपर्यंत पोचले होते.

सहाव्या चाकाला काकूंनी डाव्या हातानं त्यांच्या शर्टाची बाही धरली, दोन बोटांत चुरगळून घट्ट, आणि उजव्या हातानं हवा भरली. अजून त्या तशाच भरतात. चालक हसतात, उस्ताद मान खाली घालून उभे असतात, आणि साठला काटा बघायला घोडा सुटतो तेव्हा ती बाही दर वेळी थोडी ताणली जाते.